आरामशीनवरच्या फळीपासून घरच्या टेबलापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात सागवान उगवतं, आणि त्याच जिल्ह्यातल्या घरांत मुलं पार्टिकल बोर्डाच्या टेबलावर अभ्यास करतात. ओल धरलेल्या भिंतीजवळ ठेवलेलं असं टेबल पावसाळ्यात खालून फुगतं, कडेची पट्टी सुटते, स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात आणि काही वर्षांत ते अडगळीत जातं. तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावर पडलेलं बाभळीचं झाड जळतणाच्या भावात विकलेलंही असतं. या दोन गोष्टींची गाठ घालून द्यावी, म्हणून हे पुस्तक लिहिलं.

विषय सांगायला सोपा आहे. आरामशीनवर ओंडका चिरून घ्यायचा, निघालेल्या खरबरीत फळ्या सावलीत वाळवायच्या, आणि घराच्या पडवीत किंवा रिकाम्या गोठ्यात मोजक्या हत्यारांनी त्यांचं टेबल करायचं. पण एवढ्याशा कामात वनशास्त्र येतं, कायदा येतो, हवामान येतं, सुतारांच्या पिढ्यांचं हातातलं ज्ञान येतं, शेवटी तेल आणि लाखही येते. नवख्या वाचकाला हा मुलूख आधी एकदा डोळ्यांखालून घालता यावा, यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

टेबलच का, हा पहिला प्रश्न. पाट किंवा चौरंग सोपा असतो. फळी लहान, त्यामुळे फारसं काही बिघडत नाही. खुर्ची फार अवघड; तिथे तिरके सांधे आणि सतत हलणारं माणसाचं वजन. टेबल या दोहोंच्या मधलं. वर रुंद माथा, खाली चौकट आणि चार पाय. माथा ऋतूप्रमाणे रुंदीत फुगतो आणि आकसतो. चौकट मात्र जवळजवळ जागची हलत नाही. हलणारं आणि न हलणारं एकत्र कसं बांधायचं, हा सगळ्या सुतारकामाचा मूळ प्रश्न आहे, आणि टेबलाइतका उघडपणे तो क्वचितच समोर येतो.

आमच्या भागाला हा प्रश्न नवा नाही. आमचं बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातलं, अडाण नदीच्या खोऱ्यातलं गाव. कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन. इथल्या सुताराचा सगळ्यात मोठा प्रबंध म्हणजे बैलगाडी. कण्याला धावडा, कारण तो चिवट. जुवाला आणि दांड्यांना तिवस. तुंब्याला आणि चाकाच्या कडेला बाभूळ, कारण ती घाव सोसते. एकेका भागाला वेगळं झाड, आणि ते का, हे सुताराला विचारलं तर तो वजन, तंतू, ओल आणि ताण यांचाच हिशेब सांगायचा, फक्त शास्त्राची भाषा न वापरता. चाकावर लोखंडी धाव चढवायचा दिवस म्हणजे गावातली प्रयोगशाळा. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, ती फुगली की चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं; लोखंड आकसतं आणि आरे, तुंबा, कड सगळं एकमेकांत घट्ट आवळलं जातं. लाकूड नीट वाळलेलं नसेल तर पुढच्याच उन्हाळ्यात ते चाक खिळखिळं होणार, हे प्रत्येकाला ठाऊक. आणि तसं झालंच, तर चाक काढून नदीच्या डोहात भिजत ठेवायचं, म्हणजे लाकूड फुगून सांधे पुन्हा धरतात. लाकूड पाणी पितं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे त्याचा आकार बदलतो, हा आधुनिक लाकूडशास्त्राचा पहिला धडा. आमचा शेतकरी तो वापरून मोकळा झाला होता.

बैलगाडी आता रस्त्यावरून जवळजवळ गेली. ट्रॅक्टरची ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानात होते. सुताराकडे दाराच्या चौकटी राहिल्या होत्या, त्याही आता लोखंडाच्या किंवा सिमेंटच्या येतात. तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हातातला लाकडी नंदी अजून टिकून आहे, पण वर्षातून एका दिवसावर कुणाचा धंदा चालत नाही. या पुस्तकामागची माझी ठाम समजूत अशी, की बैलगाडीतलं ज्ञान टिकवायचं असेल तर त्याला नवी वस्तू हवी. ते ज्ञान गाडीसोबत संग्रहालयात ठेवून भागणार नाही. रोज वापरात असणारी, प्रत्येक घराला लागणारी आणि लाकडाचे सगळे स्वभाव ज्यात कामाला लागतात, अशी वस्तू टेबल आहे.

या ज्ञानाच्या लेखी परंपरेचा मागही घेतला पाहिजे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त पलंग आणि आसनं यांसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्यात योग्य लाकडांची यादी दिली. तिच्यात शाक म्हणजे साग आहे, शिंशपा आहे, अंजन आहे, काश्मरी म्हणजे आपली शिवण आहे. त्यातली शुभाशुभाची चर्चा आज बाजूला ठेवली, तरी कोणत्या झाडाचं आसन टिकतं याचं निरीक्षण त्या यादीत साठलेलं आहे. ‘मयमत’ आणि ‘मानसार’ या शिल्पग्रंथांत लाकडाच्या सांध्यांची प्रकरणं आहेत. मात्र ही पुस्तकं मंदिर आणि प्रासाद बांधणाऱ्यांची. गावच्या सुताराची विद्या तोंडातून कानात आणि हातातून हातात गेली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाड्या’त बलुतेदारीची जी तपशीलवार नोंद केली, तिच्यात सुतार गावाच्या व्यवहारात कुठे बसत होता ते दिसतं. सुगीला बलुतं, आणि बदल्यात वर्षभर नांगर, वखर, तिफण, गाडी यांची दुरुस्ती. सुताराचं ज्ञान शेताभोवती फिरत होतं. घरातलं फर्निचर हे त्याचं मुख्य काम नव्हतंच. कारण सामान्य घरात टेबल नव्हतं.

दुसरा प्रवाह वसाहतीच्या वनखात्याचा. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती आलं. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. जहाजांना आणि रेल्वेला लाकूड हवं होतं, त्यातून झाडांची मोजदाद सुरू झाली. गँबल यांचा भारतीय लाकडांवरचा मोठा ग्रंथ १८८१ चा. देहरादूनची वन संशोधन संस्था १९०६ ची. पिअर्सन आणि ब्राउन यांचे भारतातल्या व्यापारी लाकडांवरचे दोन खंड १९३२ चे. या कामाने गावाचे जंगलावरचे हक्क आटले, हे खरं. त्याच कामाने प्रत्येक लाकडाचं वजन, ताकद आणि आकसणं आकड्यांत आलं, हेही खरं. भारतीय मानक संस्थेने पुढे आयएस २८७ या मानकात हवेतल्या आर्द्रतेनुसार देशाचे चार पट्टे पाडले आणि कुठे लाकूड किती वाळवावं हे ठरवून दिलं. ही माहिती इंग्रजीत कोंडून राहिली आणि सुताराच्या वर्कशॉपपर्यंत पोचली नाही. या पुस्तकात ती मराठीत, आणि आपल्याकडच्या झाडांच्या नावांनी आणली आहे.

आता काम करण्याच्या पद्धती. जगभर यांची तीन-चार ठळक घराणी दिसतात. पहिलं आपलं: सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाने दाबून धरतो, वाकसाने तासतो, रंधा मारतो, किकऱ्याने भोक पाडतो. शरीरच शिकंजा होतं. हत्यारं एका पिशवीत मावतात आणि काम गिऱ्हाइकाच्या अंगणात होतं. दुसरं युरोपातलं: जड बाकडं, त्याला बसवलेला शिकंजा, उभ्याने काम, आणि पुढे ढकलून चालवायची करवत आणि रंधा. आयटीआयमधला सुतारकामाचा अभ्यासक्रम बहुतांशी याच वळणाचा. तिसरं जपानी: करवत आणि रंधा दोन्ही अंगाकडे ओढायचे, पातं पातळ, आणि सांधे इतके नेमके की खिळ्याची गरज लागू नये.

चौथं घराणं या पुस्तकाला सगळ्यात जवळचं: मोठी फळी, तिची सालीकडची नैसर्गिक कड आणि भेगाही तशाच ठेवून टेबल करणारं. त्याचा सगळ्यात मोठा माणूस जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०), आणि त्याच्या घडणीत भारत आहे. अमेरिकेत जन्मलेला हा जपानी वंशाचा वास्तुविशारद १९३०च्या दशकात पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहाच्या बांधकामावर आला, आश्रमात राहिला आणि तिथे त्याला सुंदरानंद हे नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, तेव्हा छावणीत भेटलेल्या एका जपानी सुताराकडून तो हाताचं काम शिकला. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्याने फर्निचर आखलं. भेग लपवण्याऐवजी तिच्यावर फुलपाखराच्या आकाराची लाकडी किल्ली बसवून ती थांबवायची, ही त्याची ओळख. झाडाने जे सोसलं ते टेबलात दिसू द्यायचं, एवढा साधा विचार. पण त्यासाठी लाकूड फार बारकाईने वाचावं लागतं.

आणखी एक परंपरा आमच्या शेजारचीच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांमध्ये कताई-विणकाम आणि शेतीबरोबर सुतारकामही घेतलं. मुलाने हाताने वस्तू करावी आणि तिच्यातूनच गणित, भूगोल, विज्ञान शिकावं, ही कल्पना. युरोपात ओटो सालोमन यांनी स्वीडनमधल्या नॅसच्या शाळेत लाकूडकामातून शिक्षणाची अशीच पद्धत बसवली होती. आपल्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून ‘काम करत शिकणं’ ग्रामीण शाळांपर्यंत नेलं. टेबलाचा माथा किती फुगेल हे काढताना त्रैराशिक आपसूक येतं. पाय काटकोनात आहेत का हे तपासायला दोन कर्ण मोजले की भूमितीही हाताशी येते. या पुस्तकाचा एक डोळा शाळांवर आहे, तो याच परंपरेमुळे.

प्रत्यक्ष काम कसं चालतं याचा एक नमुना इथे देतो. आरामशीनवरून आणलेली सागाची फळी समोर आहे. तिच्या टोकाकडे बघा. तिथे वाढीच्या कड्या दिसतात. त्या कड्या फळीच्या रुंदीला जवळजवळ समांतर असतील तर ती जास्त हलणार. उभ्या असतील तर कमी. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत साग कड्यांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. फळी वाटीसारखी का होते याचं उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात आहे. आता हिशेब करा. टेबलाचा माथा ९० सेंटिमीटर रुंद आहे, आणि मे ते ऑगस्ट लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला. तर समांतर कड्यांच्या फळ्यांचा तो माथा रुंदीत आठ-नऊ मिलिमीटर वाढेल. असा माथा चौकटीला खालून स्क्रूने जाम केला, तर एखाद्या वर्षी तो स्क्रू तरी ओढून काढेल किंवा मधोमध तडकेल. उपाय जुना आहे: चौकटीच्या आतल्या बाजूला खाच, खाचेत अडकणारे लाकडाचे छोटे ठोकळे, आणि ठोकळे फक्त माथ्याला पक्के. ठोकळा खाचेत मागेपुढे सरकतो, माथा श्वास घेतो. सागाचं हे हलणं तरी मर्यादित. बाभळीसाठी जास्त जागा सोडावी लागते.

हीच नजर वाळवण्यालाही लागते. विदर्भात उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची हवा कोरडी ठाक असते. इथे लाकूड वाळत नाही ही तक्रार क्वचित. ते भराभर वाळून फाटतं, हा खरा धोका. म्हणून फळ्यांची टोकं रंगाने किंवा मेणाने बंद करायची, जमिनीपासून वर, सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून थप्पी लावायची, आणि एप्रिल-मेमध्ये वारा जपून द्यायचा. एक फळी दर महिन्याला तोलायची. वजन उतरायचं थांबलं की ती हवेशी जुळली. बाभळीच्या पांढऱ्या भागाला भुंगा लागतो, म्हणून ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची रीत होती. पाण्यामुळे लाकडातलं किड्याचं खाद्य कमी होतं. ती रीत आजही उपयोगाची आहे.

हे सगळं आत्ताच का? एक कारण झाडांचं. जिल्ह्याच्या पांढरकवडा, वणी, पुसद, उमरखेड या पट्ट्यांत सागाची जंगलं आहेत. विदर्भाच्या सागाची ख्याती देशभर आहे. नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला, आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून. त्याच सुमारास शेतकऱ्यांनी धुऱ्यांवर आणि पडीक जमिनीवर लावलेला साग कापणीला येऊ लागला आहे. हा जंगलातला जुना साग नव्हे. खोड बारीक, पांढरा भाग जास्त, गाठी जास्त. व्यापारी त्याला भाव देत नाही. पण घरच्या वर्कशॉपमध्ये गाठी टाळून, अरुंद पट्ट्या जोडून त्याचं उत्तम टेबल होतं. कडुनिंब, आंबा, बाभूळ यांचंही तसंच. कडुनिंबाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, रंधा उलटा फाडतो. पण धार नीट लावली आणि थोडं थोडं काढलं तर तो महोगनीच्या कुळाला शोभेल असा उठून दिसतो.

दुसरं कारण शिकण्याच्या साधनांचं. हातात मोबाइल असलेली मुलं लाकूडकाम बघतात, त्यांना ते आवडतं. पण त्यांना ओक, मेपल आणि वॉलनट भेटतात, आणि आपल्या आरामशीनवर जे पडलं आहे त्याविषयी कुणी बोलत नाही. सागात सिलिका असल्यामुळे पातं लवकर बोथट होतं, आणि त्याच्या तेलकटपणामुळे फेविकॉल लावण्याआधी सांधा थिनरने पुसावा लागतो, हे त्यांना मराठीत सांगणारं कुणी हवं. शेवटच्या हाताचंही तेच. आमच्याकडे जवस पिकते आणि पळसा-बोरीवर लाख होते. जवसाचं तेल आणि स्पिरिटमधली लाख ही टेबलावर द्यायची दोन जुनी, उत्तम लेपनं आहेत. तेलात भिजलेली चिंधी मात्र गोळा करून टाकायची नाही. ती आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून उघडी पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवायची.

कायद्याबद्दल एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ चा आहे. त्याच्या अनुसूचीतल्या १६ प्रकारांत साग, आंबा, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, जांभूळ अशी झाडं येतात. स्वतःच्या शेतातलं असलं तरी ते तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर आरागिरण्यांवरही कडक नजर आहे. टेबल कितीही सुंदर झालं तरी चोरीच्या ओंडक्याचं असेल तर त्यात अभिमान कसला? पावती असलेलं लाकूड घ्यावं, परवाना असलेल्या गिरणीवर चिरावं, आणि वादळात पडलेलं झाड असेल तर आधी वनखात्याकडे जावं.

या पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे: ओंडक्यापासून पॉलिशपर्यंत. यंत्रं वापरायची की हातहत्यारं, या वादात ते पडत नाही. फळी सरळ करायला बाजारातलं रंधा मशीन मिळत असेल तर खुशाल वापरावं. पण फळीतला पीळ दोन सरळ पट्ट्या ठेवून डोळ्याने ओळखता आला पाहिजे, आणि पट्टीच्या टोकाचा कुसू खाचेत हाताच्या दाबाने बसतो की नाही हे बोटांना कळलं पाहिजे. हे पुस्तक सुताराच्या जागी स्वतःला बसवायचं शिकवत नाही. गावात अजून काम करणारा सुतार असेल तर त्याच्याकडे जा, त्याला पैसे देऊन शिका, तो कोणतं लाकूड कशाला वापरतो ते लिहून घ्या. या पुस्तकातल्या अनेक गोष्टी अशाच कारागिरांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत आणि मी त्यांचा ऋणी आहे.

पहिलं टेबल लहान करा. पाऊणएक मीटर उंची, अभ्यासाला पुरेल एवढा माथा, चार पाय, चार आडव्या पट्ट्या. लाकूड आपल्याच भागातलं घ्या. माथ्याच्या खाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: झाड कोणतं, ते कुठे उभं होतं, आणि फळी कोणत्या वर्षी चिरली. पुढे कधी ते टेबल दुरुस्तीला आलं, तर दुरुस्त करणाऱ्याला लाकडाचा स्वभाव पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही.